खळ्यातली चाकांची वाट

वयनी, एकच विचारायचं आहे. त्या दिवशी घरापुढचं खळं तू नेमकं कधी सारवलं होतंस? आदल्या दिवशी ऊन असताना, की पार दिवे लावायच्या वेळेला?

तू म्हणशील, मी जाऊन महिना झाला तरी हिच्या चौकशा काही संपत नाहीत. नाहीच संपत. तुझी धाकटी जाऊ होऊन या घरात आले, तेव्हा पहिल्याच दिवशी मी तुला विचारलं होतं, पडवीतला हा खांब वाकडा का? तू म्हणालीस, "मान वाकडी कर, सरळ दिसात." तेव्हापासून तेवीस वर्षं मी विचारत आले आणि तू असलीच उत्तरं देत आलीस. आता मी विचारते आणि समोरून काहीच येत नाही, हे अजून अंगवळणी पडत नाही. सकाळी चुलीपुढे बसून दोनदा तरी "वयनी गो" म्हणून हाक जाते तोंडातून.

बाराव्याला माणसं आली होती. सगळी सांगून गेली, बाई किती कष्टाळू, किती देवमाणूस, भावजी गेल्यावर एकटीनं नंदूला वाढवून पणजीला नोकरीला लावला. सगळं खरं. मी माना डोलावल्या. पण माझ्या मनात त्या वेळीसुद्धा गाडीच होती, आपल्या मांगरातली, अवजारांच्या त्या छपराखालची.

आमच्या ह्यांची ती जुनी पांढरी गाडी. हे मस्कतला. मे महिन्यात येतात, महिनाभर चालवतात आणि जातात, मग अकरा महिने ती मांगरात प्लास्टिक पांघरून बसते. घरात गाडी, आणि आपण दोघी मसुऱ्याच्या बाजाराला जायला पिशव्या घेऊन रस्त्यावर रिक्षाची वाट बघत उभ्या. तुला ते फार लागायचं. मला वाटायचं, असतं एकेकाचं. म्हणून आमच्या तेजलला अठरावं लागून ती ओरोसला गेली आणि शिकाऊ लायसन घेऊन आली, तेव्हा मी म्हटलं, चला, पोरीची हौस झाली. तू पेढा तोंडात टाकलास आणि म्हणालीस, "आता खळा तयार करूक व्हया."

मला आधी कळलंच नाही. दसरा उलटला की खळं आपण दरवर्षीच करतो. पावसात उगवलेलं गवत खरवडायचं, माती भिजवायची, लाकडी पेटण्यानं बडवून घट्ट करायची, वर शेणाचं सारवण. पण तुझ्या डोक्यात वेगळंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तू आंबे काढायची घळ गाडीवर आडवी धरून उभी. त्या लांब काठीला तू कोळशानं दोन खुणा केल्यास आणि तीच काठी आडवी घेऊन खळ्यातून त्या अरुंद पाणंदीत, पाणंदीतून वरच्या रस्त्यापर्यंत चालत गेलीस. जिथे अडलीस तिथे थांबून बघायचं, मान हलवायची, पुढे जायचं. शेजारीण दगडी गडग्यावरून मला विचारते, "काय गो, वयनीक बरा नाय?" मी तिला काय सांगू कपाळ?

मग तुझी कामं निघाली. कोंबड्यांचं खुराडं मागच्या परसात गेलं. पाखाडीच्या पायऱ्यांजवळची लाकडं गेली. कपडे वाळत घालायची दोरी इतकी वर गेली की मला पाटावर चढून कपडे घालावे लागले. फणसाची खालची फांदी तू तोडायला लावलीस. पाणंदीवर वाकलेल्या तिन्ही माडांचे नारळ उतरवलेस, शहाळीसुद्धा सोडली नाहीस. मी म्हटलं, कोवळी कशाला पाडतेस? तू म्हणालीस, "काचेर पडलो तर काच भरून येयत. चेडवाच्या काळजाक धक्को बसलो तर ता परत गाडीत बसाचा नाय." वळणावरच्या गडग्याचे वरचे दोन थर उतरवलेस, म्हणजे गाडीत बसलेल्या माणसाला रस्त्यावरून येणारं दिसेल. पाणंदीच्या दोन्ही बाजूंच्या चिऱ्यांना चुना लावलास. पाणी जायची व्हाळी होती, तिच्यावर जाड फरशी टाकलीस आणि स्वतः चार वेळा तिच्यावर उड्या मारून बघितलंस. साठीला आलेली बाई, गो!

घरातल्यांनाही कायदे झाले. घरातली म्हणजे कोण, तर मी. गाडी चालू असताना स्वयंपाकघरातून हाक मारायची नाही. "अगो बाय, सांभाळ" असं ओरडायचं नाही. एका वेळी एकानंच बोलायचं, आणि ते तूच. तेजलचा मोबाईल तांदळाच्या डब्यात. मी म्हटलं, "गाडी शिकतला ता चेडू, नि लगीनघाई तुजी!"

आपला खरा वाद त्यावरूनच सुरू झाला ना? मी म्हणत होते, मालवणच्या ड्रायव्हिंग स्कूलात दहा दिवस गेलीय, अजून दहा दिवस जाईल, त्यांचं काम ते करतील. घरात हा खटाटोप कशाला? तू म्हणालीस, "स्कूलातले मास्तर रस्तो शिकयतत. ह्या पाणंदीतसून गाडी भायर काढूक कोण शिकयतलो? तेंच्या पायाखाली दुसरो ब्रेक आसता. आमच्या गाडीक खंय आसा?" मी म्हटलं, तुला गाडीतलं काय कळतं? तू म्हणालीस, "गाडीतला नाय कळणा. पण खळ्यातला कळता मा?" तो वाद तिथेच राहिला. तेव्हा मला वाटलं, जिंकले मी. तुझं बोलणं मी धडपणे ऐकलंही नव्हतं.

अजून एक राहिलंय. त्याच दिवसांत एका दुपारी मांगरात खुडबुड ऐकू आली. मला वाटलं, मांजर शिरलं. बघते तर प्लास्टिक बाजूला करून तू गाडीत बसलेली. पुढे, चालवणाऱ्याच्या जागेवर. हात मांडीवर ठेवलेले, चाकाला लावलेले नाहीत. मला बघून तू दचकलीस. मी म्हटलं, "काय करतंस गो?" तू म्हणालीस, "पाय पोचतत काय बघतंय."

"पोचतत?"

"एक पोचता."

आपण दोघी किती हसलो! माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पण वयनी, मी जगाला प्रश्न विचारते, माझ्या अंगणवाडीतली पोरं मला कंटाळतात, आणि त्या दुपारी जो विचारायचा तोच प्रश्न माझ्या तोंडातून आला नाही. तुला स्वतःला शिकायची होती का गाडी? एवढं विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? चहा टाक, म्हणाली असतीस बहुतेक. पण मला तुझं तोंड बघायला मिळालं असतं.

तर तो दिवस. रविवार. तुळशीचं लग्न दहा-अकरा दिवसांवर आलेलं. सकाळी दार उघडते तर सगळं खळं सारवलेलं, हिरवंगार, कडेनं रांगोळीची रेघ. घरातलं माणूस नवं काम सुरू करतंय आणि खळं उघडं ठेवायचं, हे तुला जमणारच नव्हतं. तू नारळ घेऊन गाडीसमोर उभी राहिलीस आणि गाऱ्हाणं घातलंस. "बा देवा म्हाराजा! आज आमचा चेडू गाडी शिकता आसा. तेच्या वाटेत गाय येवंदे, म्हस येवंदे, सायकलवालो येवंदे, तेका धा पावलांवर थांबव रे म्हाराजा!" आम्ही दोघी मागून, "व्हय म्हाराजा!" "नि तेच्या आवशीच्या तोंडाक वायच इसावो दी रे म्हाराजा!" माझ्याच तोंडाला विसावा मागितलास, आणि सवयीनं मीसुद्धा "व्हय म्हाराजा" म्हणून गेले. तेजल अशी हसली की तिला गाडीला टेकावं लागलं.

आणि गाडी किती छान बाहेर आली! मांगरातून निघाली, खळ्यातून सरळ पाणंदीत, चुना लावलेल्या चिऱ्यांच्या मधून वर रस्त्यापर्यंत. तू मागून चालत, मी गडग्याशी पदर तोंडात धरून. नियम म्हणजे नियम. वर जाऊन तिनं गाडी फिरवली आणि परत उतरायला लागली. पाणंद संपते, खळं लागतं, तिथे थोडा उतार आहे. तिथून गाडी खळ्यात आली, आणि आली ती थांबलीच नाही. फार जोरात नव्हती. हळूहळू, कुणीतरी पाठीमागून ढकलल्यासारखी सरळ पुढे गेली आणि तुळशीला धडकली. वृंदावन आडवं झालं. माती, रोप, पणती, सगळं खाली.

"मी ब्रेक दाबलेलंय गो आई! गाडी थांबाकच नाय!" तेजल दार उघडून ओरडत होती.

आणि मी? उचलली जीभ, लावली टाळ्याला. "तुळशीचा लगीन तोंडार इला नि तू तुळस मोडलंस! आता ह्या घरातला माणूस मोडतला, बघ तू!"

हे मी माझ्या पोटच्या पोरीला म्हटलं. शेजारीण गडग्यावरून बघत होती, तिनं कानावर हात ठेवले. तू तेवढी हललीस नाहीस. गाडी जिथून घसरत आली तिथे उभी होतीस आणि पायाच्या अंगठ्यानं खळं खरवडत होतीस. मग म्हणालीस, "शालू, तोंड आवर. मोडलेली तुळस बांधूक येता. बोललेला बांधूक येणा नाय." मी म्हटलं, "पोरीची बाजू घेऊ नको." आणि घरात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तू चिरे मागवून तुळस स्वतः बांधायला घेतलीस. ते मी समजले. पण तू आणखी एक केलंस, ते मला समजलं नाही. एवढं सारवलेलं खळं, तू फावडं घेतलंस आणि त्यातून दोन लांब पट्ट्या खरवडून काढल्यास. मांगराच्या दारापासून पाणंदीच्या तोंडापर्यंत, चाकाच्या रुंदीच्या दोन पट्ट्या. त्यांच्यावर चिऱ्याची जाडी भुकटी पसरून दाबलीस. मी म्हटलं, हे काय, लग्नाला माणसं येतील, खळं असं फाटक्या लुगड्यासारखं ठेवणार? तू म्हणालीस, "ती चाकांची वाट." तुळशीच्या लग्नाला आलेल्या प्रत्येकानं विचारलं आणि प्रत्येकाला तू तेच सांगितलंस. मला वाटलं, मला डिवचायला करतेय. पोर तर गाडीकडे फिरकतसुद्धा नव्हती, कुणाच्या चाकांची वाट?

लग्न लागलं. ऊस, चिंच, आवळा, सगळं व्यवस्थित झालं. त्यानंतर पाचव्या दिवशी दुपारी पेज जेवलीस, "वायच पडतंय" म्हणालीस आणि पडवीत आडवी झालीस. चहा झाल्यावर मी उठवायला आले. तू उठली नाहीस. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, काही कळलं नसेल. काही कळलं नसेल म्हणजे तुला. मला सगळं कळलं. मी तुझ्या उशाशी बसले होते, रडत होते, आणि माझ्या कानात माझाच आवाज वाजत होता. घरातला माणूस मोडतला, बघ तू.

बोलाफुलाला गाठ पडली म्हणतात. ज्यानं म्हण केली त्यानं कधी स्वतःच्या तोंडानं असं काही बोलून बघितलं होतं का? वयनी, मी फटकळ आहे, भांडखोर आहे, पण तुझं वाईट मी कधी मनात आणलं नाही. आणि तरी मला भीती वाटत होती, की माझ्या शब्दानंच तुला नेलं. हे मी कुणाजवळ बोलले नाही. तुझ्याजवळ बोलले असते, पण तूच नव्हतीस.

तेजल तेरा दिवस गप्प होती. पाणी आण म्हटलं की आणायची, जेव म्हटलं की जेवायची. नंदू परत पणजीला गेला. मग एका संध्याकाळी ह्यांचा फोन आला, तर तिनं माझ्यासमोर बापाला सांगितलं, "बाबा, मे महिन्यात इलास की गाडी विकून टाका. माका नको." ह्यांनी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही. पक्क्या लायसनच्या परीक्षेची तारीख पुढे येत होती. ती म्हणाली, मी जाणार नाही. मला वाटलं, झालं, हिच्या डोक्यात तेच बसलं, तुळस मी मोडली आणि काकी गेली. आणि ते बसवलं कुणी, तर मी.

आता खळ्याचं सांगते. बाराव्याच्या दिवशी सुतक फिटलं म्हणून मी पहाटेच उठून सगळं खळं सारवलं होतं. तुझ्या त्या दोन पट्ट्यांसकट. चिडूनच सारवलं. माणसं यायला लागली तेव्हा नऊ वाजले होते, वरून सगळं वाळलेलं दिसत होतं. मी घागर घेऊन तुळशीशी निघाले आणि फणसाच्या सावलीत माझा पाय असा सटकला, की मी घागरीसकट धपकन बुडावर. चार बायका धावत आल्या. मी म्हटलं, थांबा, उचलू नका मला. त्यांना वाटलं, हाड मोडलं. अगो, मी तळहातानं जमीन चाचपत होते! वर पापुद्रा सुका, खाली लोण्यासारखं ओलं. रबरी चपलेचा तळ त्याच्यावर घासून बघितला, सरसर गेला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, की जावेच्या दुःखानं हिचं डोकं फिरलं.

माणसं जेवून गेल्यावर मी मांगरात गेले, प्लास्टिक उचललं. त्या दिवशी ढकलून आत लावली, तेव्हापासून गाडी हलली नव्हती. चारी चाकांच्या खाचा वाळक्या शेणानं बुजलेल्या. पोरीनं ब्रेक दाबला होता, वयनी. दाबलाच होता. चाकं थांबली होती आणि गाडी सारवणावरून घसरत गेली होती. हे मे महिन्यात येतात तेव्हा खळं कोरडं ठणठणीत असतं, त्यामुळे ओल्या सारवणावर गाडी काय करते हे या घरात कुणालाच माहीत नव्हतं. तुलासुद्धा नव्हतं. तू पोरीसाठी एक एक दगड, एक एक नारळ बघितलास, आणि शेवटी तिच्या पहिल्या दिवसासाठी म्हणून जे सगळ्यात प्रेमानं केलंस, त्यावरूनच गाडी घसरली. आपल्यासारख्या बायकांनाच ही चूक सुचावी. दुसरं कोण गाडीसाठी खळं सारवेल?

आणि तुला ते तिथल्या तिथे कळलं होतं. त्या अंगठ्यानं खरवडण्यात कळलं होतं. म्हणून त्या दोन पट्ट्या. मग मला सांगितलं का नाहीस? "शालू, सारवण ओला होता" एवढे चार शब्द. मी तोंडात मारून घेतली असती. याचा मला तुझ्यावर राग आला, अजून आहे थोडा.

पण कळल्यावरही मी तीन आठवडे गप्प बसले. एकदा वाटायचं, सांगून टाकावं. मग वाटायचं, पोरीला सोडवायला मेलेल्या माणसावर चूक ढकलायची? जिनं एवढं केलं, तिच्यावरच? आणि खरं सांगू? लाजही वाटत होती. पोरीसमोर जाऊन मी चुकले म्हणायचं, हे मला या जन्मात जमलेलं नाही. तुझ्यासमोर तरी कधी जमलं?

आज सकाळी म्हटलं, आता पुरे. परीक्षेला आठ दिवस राहिले. तेजल पडवीत केस विंचरत बसली होती. मी समोर जाऊन उभी राहिले.

"तेजल, त्या दिवसा ब्रेक तू दाबलेलंस."

"व्हय," ती म्हणाली. वर बघितलं नाही.

"सारवण ओला होता. गाडी घसारली. तुजी चूक नाय."

"व्हय."

मला वाटलं होतं, ती रडेल, गळ्यात पडेल. ती आपली केसांतला गुंता सोडवत होती. मी म्हटलं, "तुका ठावक होता?"

"काकीन त्याच सांजेक सांगल्यान. चूक माजी, म्हणाली. माका हात जोडूक लागली. मी तिचे हात धरलंय."

"नि माका कित्याक सांगूक नाय?"

"मी सांगतंय म्हटलंय. काकी म्हणाली, सांगू नको. तुजी आवस सोधून काढतली, तिका चैन पडाची नाय. पण सोधलेला सांगून भागाचा नाय. बोललेला तिना मागे घेवक व्हया. तवसर गाडीक हात लावू नको. आवशीचो तसलो शब्द डोक्यार घेवन गाडी चालवूची नाय."

मी दोन क्षण तुझ्यावर अशी भडकले! दोघी मिळून माझी परीक्षा घेत होतात तर. मी काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात तेजल म्हणाली, "काकी गेली तेवा तू एकदा माज्याकडे बघलंस. माका वाटला, तुका खराच तसा वाटता..." तिनं फणी बाजूला ठेवली.

नव्हतं बघितलं, असं म्हणायला जीभ उचलली होती. पण बघितलं होतं, वयनी. तुझ्या उशाशी बसले असताना एक क्षणभर मी मान वळवून तिच्याकडे बघितलं होतं. काय मनात होतं, ते तुला सांगवत नाही. तुला कळेल. ती पोर ते घेऊन महिनाभर या घरात वावरत होती. पाणी आण म्हटलं की आणत होती.

मी खाली बसले. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "बघलंय बाय. एकदा बघलंय, नि ता पाप केलंय. मी बोललंय ता वायट बोललंय. काकी तिच्या आयुष्यान गेली, तुज्यान नाय. माजो शब्द मी मागे घेतंय. सगळो." एवढं बोलायला मला किती वेळ लागला असेल! मग ती रडली. मीही. दोघी तुझं नाव घेऊन रडलो.

थोड्या वेळानं तिनं तोंड धुतलं आणि खुंटीवरची किल्ली काढली. मी फावडं घेऊन सारवण खरवडलं आणि तुझी चाकांची वाट पुन्हा उघडी केली. गाडी दीड महिना बसलेली, तिनं जरा कुरकुर केली, मग सुरू झाली. तेजलनं पलीकडचं दार उघडलं आणि म्हणाली, "बस." मी आजवर पुढे कधी बसले नव्हते. बसले. पाणंदीतून गाडी वर निघाली, मी श्वास धरून. एक शब्द बोलले नाही, शप्पत.

वर रस्त्याशी ती थांबली. दोन्ही बाजूंना बघत होती. मला राहवलं नाही, विचारलंच. "तेजल, नि मी बोललंयच नसतंय तर?"

ती समोर बघतच म्हणाली, "मी पण काकीक ह्याच इचारलंय. ती म्हणाली, बोलतली. उशीर करतली, पण बोलतली. तोंडान फटकळ आसा, मनान नाय. म्हणाली, ती माजी जाव नाय, माजी धाकटी भैण."

वयनी, तेवीस वर्षांत एकदा तरी हे माझ्या तोंडावर म्हणायचं होतंस गो.